सम वर्षातली दिवाळी बाबांकडे

आमची केस आधी ‘ए’ होती, मग ती ‘एफ’ झाली. कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्या ज्यांनी झिजवल्या आहेत त्यांना एवढ्यावरूनच निम्मी हकिकत कळेल. आपल्याकडे या कोर्टात अर्जांना अक्षरं असतात. भांडून मागितलेला घटस्फोट ‘ए’, मुलाच्या ताब्याचा अर्ज ‘डी’, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालची (२०२४ पासून नव्या संहितेत कलम १४४) पोटगी ‘ई’ आणि दोघांच्या संमतीचा घटस्फोट ‘एफ’. ‘ए’चं ‘एफ’ झालं की ‘मॅटर कन्व्हर्ट झालं’ म्हणतात आणि शिरस्तेदारांपासून पट्टेवाल्यापर्यंत सगळ्यांचे चेहरे जरा सैल होतात. बोर्डावरची एक फाइल कमी होणार असते.

आमचं का पटलं नाही ते इथे लिहिणार नाही. ती गोष्ट दोघांची आहे आणि दुसरी बाजू मांडायला माझी तेव्हाची बायको इथे नाही. लिहायचंय ते मुलीबद्दलच्या कागदांविषयी. कारण घटस्फोट एका दुपारी झाला, आणि मुलीचे कागद अजून चालू आहेत.

२०१९च्या दिवाळीनंतर आम्ही वेगळे राहायला लागलो. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. ती आईबरोबर आजोळी गेली. पुढे लॉकडाऊन लागलं, कोर्टात फक्त तातडीची कामं चालत होती, त्यामुळे समन्स हातात पडलं ते २०२१ मध्ये. बेलिफाने सही घेतली, मास्क वर केला आणि म्हणाला, “घाबरू नका, हल्ली रोज चार-पाच वाटतो.”

त्या संध्याकाळी घरी बैठक बसली. काका म्हणाले, “आपल्या घरात हे असं कधी झालं नव्हतं. हल्लीच्या पोरांना सहन म्हणून होत नाही.” कोपऱ्यात आत्या शेंगा सोलत होती. आत्या १९७९ पासून आमच्याकडे आहे. तिच्या नवऱ्याने दुसरं घर केलं, ही परत आली, आणि भोर तालुक्यातल्या आमच्या गावात तिच्याबद्दल ‘नांदत नाही’ एवढंच म्हणायचं ठरलं. तिने कधी अर्ज केला नाही. केला असता तरी तेव्हा कलम १२५ खालच्या पोटगीची कमाल मर्यादा होती महिना ५०० रुपये. ती पूर्ण काढून टाकली २००१ साली. काकांचं ऐकून आत्या एवढंच म्हणाली, “झालं होतं की. कागद नव्हता केला.”

घटस्फोट फार वाढलेत असं जो तो म्हणतो, तेव्हा मला आत्या आठवते. २०११च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसं साधारण १३.६ लाख होती, म्हणजे विवाहितांच्या ०.२४ टक्के. त्याच जनगणनेत ‘विभक्त’ म्हणून नोंदलेल्यांचं प्रमाण ०.६१ टक्के, म्हणजे अडीचपट. कोर्टाचा शिक्का न लागता मोडलेली लग्नं शिक्का लागलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होती, आणि त्यातही मोजणीला आलेल्या माणसाला ‘विभक्त’ असं सांगण्याचं धाडस केलेल्यांचाच हा आकडा. आत्याने काय सांगितलं असेल कोण जाणे. संगमनेरला १९८८ साली परित्यक्तांची परिषद भरली तेव्हा ती चाळिशीतही नव्हती. तिथे जमलेल्या बायकांची गोष्ट तिचीच होती. दर वाढला याचा एक अर्थ असाही होतो की पूर्वी जे माजघरात राहायचं ते आता रजिस्टरमध्ये येतंय. काकांना हे सांगायच्या भानगडीत मी पडलो नाही.

वकील मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, “ताबा मागायचाय का?” हिंदू पालकत्वाच्या १९५६च्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून पहिलं नाव बापाचं आहे, आणि ‘त्याच्यानंतर’ आईचं. या ‘नंतर’चा अर्थ बाप मेल्यावर असा नाही, बाप उपलब्ध नसेल किंवा लक्ष घालत नसेल तेव्हाही, असा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये लावला. त्याच कलमात पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं असंही आहे. गोव्यातल्या एका जोडप्याच्या प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठासून सांगितलं. आमची पाचच्या पुढे गेली होती. पण ती आईकडे रुळली होती, आजी-आजोबा हाताशी होते, आणि मी पाळ्यांमध्ये काम करणारा माणूस. मी म्हटलं, ताबा नको, भेट हवी. मॅडमनी पेन खाली ठेवलं. “असं म्हणणारे कमी येतात. पण लिहून देताना ‘नको’ हा शब्द घालायचा नाही.”

मग आलं शपथपत्र. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ठरवून दिलं की पोटगीच्या अर्जात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र द्यायचं. त्याआधी नवरा पगार लपवायचा, बायको नोकरी लपवायची आणि न्यायाधीश मधला काहीतरी आकडा धरायचे. आता तीन वर्षांचे बँकेचे उतारे, प्राप्तिकराची विवरणपत्रं, क्रेडिट कार्ड, विमा, भविष्य निर्वाह निधी, घरात फ्रिज-गाडी काय आहे इथपर्यंत. भरताना माणूस उघडा पडतो, पण हा फॉर्म मला न्याय्य वाटला. निदान दोघांना सारखाच उघडा पाडतो.

माझं घोडं अडलं सातबाऱ्यावर. गावची जमीन दीड एकर, सातबाऱ्यावर नावं अकरा, त्यातली दोन वारलेल्यांची. पीक भात, तेही घरी खाण्यापुरतं. समोरच्या वकिलांनी माझ्याबद्दल ‘जाबदार सधन शेतकरी असून’ असं वाक्य टाकलं. तलाठ्याकडून उतारा आणला, आठ-अ आणला, तरी ते वाक्य दोन-तीन तारखा खाऊन गेलं. गावात या वाक्यावर अजून हसतात.

आकड्याबाबत कोर्टाच्या कँटीनमध्ये जो तो तज्ज्ञ असतो. ‘पंचवीस टक्के’ हे उत्तर चहाआधी मिळतं. ते आलं २०१७ च्या एका निकालातून. बंगालमधलं प्रकरण, त्यात नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीला पोटगी म्हणून योग्य ठरेल असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. ते पत्नीबद्दल होतं, त्या प्रकरणापुरतं होतं, आणि मुलाच्या खर्चाचं कोष्टक तर त्यात नव्हतंच. काही देशांत उत्पन्न आणि मुलांची संख्या घातली की रक्कम बाहेर येते. आपल्याकडे न्यायाधीशाच्या विवेकावर आहे. विवेक चांगला असला तरी त्याचा आगाऊ अंदाज येत नाही, आणि अंदाज येत नाही म्हणून माणसं भांडत राहतात.

भेटीचं मात्र मला खरंच लागलं. हिंदू विवाह कायद्यात केस चालू असतानाच्या पोटगीचा आणि मुलांच्या शिक्षणखर्चाचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, अशी २००१ पासून तरतूद आहे. ६० दिवस कोणी पाळत नाही तो भाग वेगळा, पण निदान बोट ठेवायला ओळ आहे. मुलाला भेटण्याच्या अर्जाला अशी ओळच नाही. पैसे थांबले तर मूल उपाशी राहील म्हणून घाई, हे मान्य. पण सात वर्षांच्या पोरीला वर्षभर बाप दिसला नाही तर काय होतं, याचा हिशेब कोणी मांडायचा? माझ्या अर्जावर आधी त्यांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, यायचा होता, मग वकील आजारी, मग न्यायाधीशांची बदली. बाकड्यावर शेजारी बसलेला एक जण मला कळकळीने म्हणाला, “दादा, पैसे बंद करा. आपोआप पोरगी घेऊन येतील.” मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “पैसे मुलीचे आहेत आणि भेटही मुलीची आहे. तिच्या एका खिशातून काढून दुसऱ्यात घालता येत नाही.” मी दर महिन्याला दहा हजार पाठवत राहिलो, आणि व्यवहाराच्या नोंदीत ‘मुलीसाठी’ लिहीत राहिलो. पुढे ते उतारे माझ्या फार कामाला आले.

शेवटी आदेश झाला : महिन्यातून दोन शनिवार, दोन तास, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत. भिंतीवर छोटा भीम, खाली गाद्या, दाराशी रजिस्टर. सही करायची, वेळ लिहायची, आत जायचं. समुपदेशक मॅडम टेबलाशी आपलं काम करत बसायच्या, पण लक्ष इकडे. अशा वेळी बाप खेळण्यांची पिशवी घेऊन येतात आणि पोरं आधी पिशवीकडे बघतात. मी रिकाम्या हाताने गेलो. तिथे कॅरम होता, स्ट्रायकर नव्हता. आम्ही दहा रुपयांच्या नाण्याने खेळलो. पहिल्या दिवशी ती फक्त “फाउल” आणि “माझी पाळी” एवढंच बोलली. दुसऱ्या खेपेला स्वतःच कंपासपेटीतून स्ट्रायकर काढला. आजोळचा होता तो, म्हणजे आईनेच दिला असणार. ‘ए’चं ‘एफ’ होण्याची सुरुवात त्या स्ट्रायकरपासून झाली असं मी मानतो. तिच्या आईचं म्हणणं वेगळं असेल.

समुपदेशक हा महाराष्ट्रातल्या या कोर्टांचा मोठा आधार आहे. आमच्या वाट्याला आलेल्या बाई निवृत्तीला आल्या होत्या. आम्हाला पुन्हा एकत्र आणायचा प्रयत्न त्यांनी एकदाच केला, तोही कर्तव्य म्हणून. मग म्हणाल्या, “बरं. आता पुढच्या वेळी येताना कालनिर्णय घेऊन या. दोघांनी आपापलं.”

आम्ही हसलो, पण नेलं. टेबलावर दोन कालनिर्णय पसरले आणि बाईंनी पहिला प्रश्न टाकला : “दिवाळीची निम्मी सुट्टी, असं तुमच्या वकिलांनी लिहिलंय. कुठली निम्मी?” सुट्टी वीस-एकवीस दिवसांची, पण लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. त्यावरून दरवर्षी पुन्हा कोर्टात येणारी जोडपी त्यांनी पाहिली होती. ठरलं : सम वर्षी लक्ष्मीपूजन बाबांकडे, विषम वर्षी आईकडे. भाऊबीज मात्र दरवर्षी आमच्याकडे, कारण चुलतभाऊ दोन, आणि आईकडे तिला भाऊ नाही. गणपती आमच्या गावी दीड दिवसाचा, तर ‘गणेश चतुर्थी आणि दुसरा दिवस’ असं लिहायचं, तारीख घालायची नाही. ज्या वर्षी गणपतीच्या आधी अधिक महिना येईल त्या वर्षी तारीख पार सप्टेंबरात जाते. गौरी आईकडे. मुलीचा वाढदिवस शाळेच्या दिवशी आला तर संध्याकाळी दोन तास ज्याच्याकडे ती नाही त्याला. आजारी पडली तर भेट रद्द नाही, त्या घरी जाऊन भेटायचं.

“आता ही आठ वर्षांची आहे,” बाई म्हणाल्या. “मला पंधरा वर्षांच्या मुलीसाठी लिहून द्या.” मग बदलीचं कलम आलं. तिची आई राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी. बदली आज ना उद्या ठरलेली. तेव्हा लिहिलं की बदली झाली तर दोन महिने आधी कळवायचं, शनिवारांऐवजी सुट्ट्यांतले दिवस वाढवायचे आणि आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेव्हा असा संपर्क हासुद्धा मुलाचा हक्क, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एका निकालात म्हटलं होतंच. पासपोर्टला दोघांची सही, परदेशी न्यायचं तर लेखी संमती, शाळेच्या ग्रुपवर दोघंही. विधी आयोगाने २०१५च्या २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, कायद्यात काही ती उतरली नाही. आमच्या कागदावर ‘ताबा आईकडे’ असंच आहे. पण खालची तीन पानं वाचली तर निम्मं-निम्मं जमेल तेवढं आहे.

पैशाचं गणित आम्ही दोघांनी एका बैठकीत केलं, आणि संसारात असतो तर एवढं नीट केलं नसतं. मुलीचा महिन्याचा खर्च, शाळेची फी, बस, दूध, कपडे, डॉक्टर, घरभाड्यातला तिचा वाटा, सगळं धरून २७ हजार. माझ्या हातात येत होते ७२ हजार, तिच्या आईच्या ५८ हजार. आई चांगली कमावती असेल तर मुलांचा शिक्षणखर्च दोघांत प्रमाणात वाटता येतो, असं रजनेश-नेहा निकालातच आहे. त्या प्रमाणात माझा वाटा पंधरा हजारांच्या आत-बाहेर आला. पंधरा धरले. २०२४ पासून दर जूनला पंधराशे वाढ. तिने स्वतःसाठी पोटगी मागितली नाही.

२०२२च्या ऑक्टोबरमध्ये फाइल न्यायाधीशांपुढे गेली. संमतीच्या घटस्फोटात पहिल्या आणि दुसऱ्या जबाबात सहा महिने थांबावं लागतं. २०१७ पासून ती मुदत माफ करता येते, जर जोडपं आधीच पुरेसा काळ वेगळं राहत असेल आणि पोटगी-ताब्याचं सगळं मिटलेलं असेल. आमचं मिटलं होतं. (कँटीनमध्ये याचं रूपांतर ‘आता सहा महिने नाहीतच’ असं झालंय. तसं नाही. अर्ज करावा लागतो, कारण द्यावं लागतं, आणि माफी हा कोर्टाचा अधिकार आहे, आपला हक्क नव्हे.)

न्यायाधीश बाईंनी अटी वाचल्या. स्त्रीधन परत मिळालं का, कोणाचा दबाव आहे का, हे विचारलं. मग एका ओळीवर थांबल्या. दोन्ही वकिलांच्या नेहमीच्या नमुन्यातली ओळ होती ती : ‘यापुढे पत्नी व मुलगी यांचा पतीविरुद्ध पोटगीबाबत कोणताही हक्क राहणार नाही.’ बाईंनी पेनाने ‘व मुलगी’ खोडलं. “तुम्ही दोघं तुमचे हक्क सोडा. हिचे सोडायला हिने तुम्हाला वकीलपत्र दिलंय का?” खोडलेल्या जागी आम्ही दोघांनी सह्या केल्या. वकील कागदांकडे बघत राहिले. मुलीचा हक्क आईबाप परस्पर सोडू शकत नाहीत हे त्यांना ठाऊक होतंच. नमुना बदलायचा कंटाळा. तुमच्या अटींत ही ओळ असेल तर आताच शोधा.

मग काही मिनिटांत झालं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “शनिवारी तिचं पोहणं आहे, साडेदहाला ने.” मी बरं म्हटलं. सही-शिक्क्याच्या नकला मिळायला त्यानंतर दिवाळी उलटली.

आता पुढचं. पहिली दोन वर्षं कागदाप्रमाणे गेली. २०२४ मध्ये तिच्या आईची बदली नागपूरला झाली आणि ते कलम उघडलं. माझी एक भीती होती ती उलटीच ठरली : विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे इकडच्या पोरांची शाळा सुरू झाली तरी ही मोकळी असते. अर्धा जून ती गावी काढते, आत्याबरोबर भाताच्या रोपांची राखण करते. आत्या तिला कोर्टाचं सगळं विचारते, आणि ती सांगते. कोण किती देतं, कुठल्या सणाला कुठे, कुणी लिहिलंय. “लिहून घेतलंय ते बरं केलंय,” असं आत्या तिला म्हणाली म्हणे.

बुधवारी रात्री आठचा व्हिडिओ कॉल मात्र बारगळला. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला बापाकडे टक लावून अर्धा तास काय बोलावं ते कळत नाही. ती आता दिवसभरात मधूनच काहीतरी पाठवते. मांजराचा फोटो, गणितातला अडलेला प्रश्न, नाहीतर नुसतं ‘हं’. कागदावर अजून बुधवार आहे. तो बदलून घ्यायला कोणी कोर्टात जाणार नाही. मुलाच्या बाबतीतल्या अटी परिस्थितीप्रमाणे बदलायला घटस्फोटानंतरही कोर्टाकडे जाता येतं, आणि पटत नसेल तर जावंच. पटत असेल तर दोघांनी लिहून, तारीख टाकून, सह्या करून ठेवावं एवढं पुरतं. उद्या तिसऱ्याने विचारलं तर दाखवायला कागद असतो.

सध्या चाललंय ते क्लासचं. आठवीपासून ‘फाउंडेशन’ नावाचा प्रकार असतो, फी शाळेपेक्षा जास्त. आमच्या अटींत शाळेची फी आहे, वह्या-पुस्तकं आहेत, सहलसुद्धा आहे. क्लास नाही, कारण लिहिलं तेव्हा ती चौथीत होती. तिला जायचंय, मैत्रिणी जाताहेत. तिच्या आईने फीचं पत्रक पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘जुन्याच प्रमाणात?’ जुनं प्रमाण आता लागू नाही. बढतीनंतर तिचा पगार माझ्या पुढे गेलाय, तेव्हा मी नवं प्रमाण काढून पाठवलं, त्यात तिचा वाटा जास्त. रात्री उत्तर आलं : ‘तुझा बोनस धरला नाहीस.’ बोनस धरायचा की नाही हे अटींत कुठेच नव्हतं. शपथपत्राच्या त्या फॉर्ममध्ये मात्र होतं, भत्ते, बोनस, सगळं. तो धरून पुन्हा मांडलं. माझ्या वाट्याला अकराशे रुपये जास्त आले. पहिला हप्ता भरून पावती ग्रुपवर टाकली आहे.